व्यालांचा वाटा

कल्पित प्राण्यांचा विचार आपल्या कलासमीक्षेत बहुधा दोन टोकांनी झालेला आहे. एका टोकाला ते निव्वळ अलंकरण ठरतात. शिल्पपटाचा कोपरा मोकळा दिसू नये म्हणून कारागिराने भरलेली नक्षी, एवढेच त्यांचे मोल. दुसऱ्या टोकाला प्रत्येक शिंगाला आणि शेपटीला एखादे गूढ तत्त्व चिकटवले जाते, आणि मूळ प्राणी त्या तत्त्वाच्या ओझ्याखाली दिसेनासा होतो. या दोन्ही वाटांनी जाणाऱ्याकडून एक साधा प्रश्न विचारायचा राहून जातो. हा प्राणी जेथे आहे तेथे तो काय करतो? त्याला कोणते काम नेमून दिले आहे, आणि त्या कामाचा मोबदला म्हणून काय दिले आहे? प्रस्तुत लेखात हाच प्रश्न धरून, गांधारापासून दख्खनपर्यंतच्या काही प्राण्यांची विचारपूस करावयाची आहे.

आरंभ चंदीगडपासून करण्याला कारण आहे. तेथील सेक्टर १० मधले शासकीय संग्रहालय व कलादालन ६ मे १९६८ रोजी खुले झाले. इमारत ल कोर्बुझिए यांच्या आराखड्याची. परंतु तिच्यातील संग्रह इमारतीहून, किंबहुना खुद्द चंदीगड शहराहूनही जुना आहे. १० एप्रिल १९४८ रोजी लाहोरच्या मध्यवर्ती संग्रहालयातील वस्तूंची वाटणी झाली. साठ टक्के पाकिस्तानकडे राहिले, चाळीस टक्के भारताच्या वाट्याला आले. १९४९ मध्ये आलेल्या त्या वाट्यात ६२७ गांधारशिल्पे होती. अमृतसर, सिमला, पतियाळा असा मुक्काम करीत ती अखेर चंदीगडला स्थिरावली. शेतजमिनीची, विहिरीची, भांड्याकुंड्यांची वाटणी आपल्याला ठाऊक असते. बुद्धमूर्तींची आणि त्यांच्या पायाशी बसलेल्या नागांची शेकडेवारीने वाटणी ही मात्र विसाव्या शतकाची खास निर्मिती म्हणावी लागेल.

गांधारकलेत एक सागरी प्राणी वारंवार भेटतो. स्तूपाच्या पायऱ्यांच्या बाजूंना जे त्रिकोणी शिळापट बसवीत, त्यांत तो हटकून आढळतो, कारण निमुळत्या त्रिकोणात त्याची वेटोळी शेपटी नेमकी मावते. तोंड लांडग्याचे, कान ताठ, पुढचे पाय वल्ह्यासारखे आणि मागचे अंग सर्पमत्स्याचे. हा ग्रीकांचा केटॉस. तक्षशिलेच्या सिरकप भागात सापडलेल्या लहान दगडी तबकड्यांवर तो जलकन्यांना पाठीवर घेऊन पोहताना दिसतो. सिकंदरानंतरच्या बाल्हीक यवनांबरोबर तो इकडे आला, याविषयी दुमत नाही.

दुमत आहे ते पुढच्या प्रश्नावर: आपला मकर या केटॉसची संतती आहे काय? युरोपीय अभ्यासकांच्या एका पिढीला भारतीय कलेतील प्रत्येक चमत्कारिक प्राण्याचे मूळ भूमध्य समुद्रात शोधण्याची आवड होती. पण कालक्रम त्यांच्या बाजूने नाही. बराबर टेकड्यांतील लोमश ऋषी गुंफेच्या कमानीवर हत्तींची जी रांग आहे, तिच्या दोन्ही टोकांना मकर आहेत. आणि ती गुंफा मौर्यकाळातील आहे. भरहूतच्या इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील कठड्यावर एक प्रचंड जलचर आख्खे जहाज गिळताना दाखविला आहे. शेजारच्या लेखात त्या प्राण्याचे नाव आहे, तिमितिमिंगिल, आणि त्याच्या पोटातून सुटलेल्या वसुगुप्त नावाच्या व्यापाऱ्याचेही. गांधारातील केटॉस कोरले जाण्यापूर्वीच भारतीय मकराला तोंड, दात आणि नाव प्राप्त झाले होते. त्याने पुढे परक्या पाहुण्याकडून शेपटीचा एखादा वळसा उचलला असेल. त्याने वंश बदलत नाही.

मराठीला तर या प्राण्याची खास ओळख आहे. मगर हा शब्द मकरापासून आला आणि सुसर हा शिशुमारापासून. म्हणजे संस्कृतात जे दोन जलचर पुराणांच्या आणि ज्योतिषाच्या आश्रयाने अद्भुत झाले, ते दोन्ही मराठीत नदीच्या काठी उन्हात पडून राहिले. (मखर हा शब्द ऐकला की मकरतोरण आठवते खरे, पण केवळ ध्वनिसाम्यावर व्युत्पत्ती उभारण्याच्या मोहापायी आपल्याकडे पुष्कळ शाई वाया गेली आहे, म्हणून तो मोह येथे आवरतो.) अजिंठ्याच्या दारचौकटींच्या वरच्या कोपऱ्यांत मकरांवर उभ्या असलेल्या स्त्रिया आहेत. वेरूळच्या रामेश्वर लेण्यात मकरावर उभी असलेली गंगा तर भारतीय शिल्पातील अत्यंत डौलदार आकृतींपैकी एक आहे. यादवकालीन मंदिरांत गाभाऱ्यातील अभिषेकाचे पाणी कित्येकदा मकराच्या तोंडातून बाहेर पडते. पाण्यात ओढून नेणारा प्राणी येथे पाणी वाहून आणण्याच्या कामाला लावलेला आहे. आनंद कुमारस्वामी यांनी १९२८ आणि १९३१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या यक्षविषयक प्रबंधात मकराचे नाते जलतत्त्वाशी आणि त्यातून उगवणाऱ्या समृद्धीशी जोडले, ते या दृष्टीने फार मोलाचे आहे.

गांधाराकडे पुन्हा वळू, कारण तेथे नागांच्या दोन कथा कोरलेल्या आहेत आणि दोन्ही आपल्या प्रश्नाला थेट भिडतात. पहिली उरुवेलेच्या काश्यपाची. जटाधारी काश्यपाच्या अग्निशाळेत एक विषारी नाग राहत असे. बुद्धाने तेथे रात्र काढली, आणि सकाळी तो बाहेर आला तेव्हा नाग त्याच्या भिक्षापात्रात वेटोळे घालून बसला होता. गांधारच्या शिल्पकारांना हा प्रसंग फार प्रिय. बुद्ध पात्र पुढे करतो आहे आणि काश्यप वाकून आत पाहतो आहे, एवढेच ते दाखवितात. परंतु ज्या पात्रात अन्न पडावयाचे त्यात विष येऊन शांत बसले आहे, हे सांगण्याला तेवढे पुरे होते.

दुसरी कथा अपलाल नागाची. हा स्वात नदीच्या उगमाशी राहणारा आणि पुराने पिके बुडविणारा. बुद्ध तेथे गेला, वज्रपाणीने आपल्या वज्राने डोंगराचा कडा फोडला, नाग भ्याला आणि शरण आला. येथपर्यंत ही जगातील इतर अनेक कथांसारखीच कथा आहे. पण सातव्या शतकात त्या प्रदेशातून गेलेल्या ह्यूएन त्संगने तिचा जो शेवट नोंदविला आहे तो असाधारण आहे. नाग म्हणाला, शेते बुडवावयाची नाहीत तर मी खाऊ काय? तेव्हा बारा वर्षांतून एकदा पीक घेण्याची त्याला मुभा देण्यात आली. म्हणून त्या खोऱ्यात बारा वर्षांनी एकदा पूर येतो, असे लोक सांगत.

हा करार आहे. एखाद्या महसूल खात्याने करावा तसा, मुदत आणि हप्ता ठरवून केलेला करार. युरोपातील ड्रॅगनची गोष्ट याच्याशेजारी ठेवून पाहावी. संत जॉर्ज भाल्याने ड्रॅगनला भोसकतो, तेथे चित्र संपते. ड्रॅगनला खायला काय, हा प्रश्न त्या कथेत कोणाला पडत नाही. बाबिलोनच्या इश्तार दरवाजावरचा, सापाचे डोके, सिंहाचे पुढचे पाय, गरुडाचे मागचे पाय आणि विंचवाची नांगी असलेला मुशहुश्शू मात्र आपल्या जातीचा. तो मार्दुक देवाच्या चाकरीत आहे. चीनचा ड्रॅगनही पाऊस पाडण्याचे काम करतो आणि सम्राटाच्या वस्त्रावर मानाने बसतो. आशिया खंडाच्या पुष्कळशा भागात अद्भुत प्राण्याला ठार करण्यापेक्षा त्याला नोकरीत ठेवण्याकडे कल दिसतो. कालियाचेही तेच झाले. कृष्ण त्याच्या फण्यांवर नाचला, पण त्याला मारले नाही. यमुना सोडून समुद्रात जाण्याची आज्ञा केली, आणि फण्यांवरील पावलांच्या खुणा पाहून गरुड तुला सोडील असे अभयही दिले.

या चाकरमान्या प्राण्यांत सर्वांत करुण आहे ते कीर्तिमुख. जालंधर दैत्याने राहूला शिवाकडे पाठवून पार्वतीची मागणी केली. या जालंधराचे नाव पंजाबच्या मैदानी प्रदेशातील एका मोठ्या शहराने आणि कांगड्याच्या जुन्या प्रदेशनामाने आजवर सांभाळले आहे. शिवाच्या क्रोधातून एक सिंहमुखी, हाडकुळी, भुकेने वखवखलेली आकृती प्रकट झाली आणि राहूवर धावली. राहू शरण आला, त्याला अभय मिळाले. मग त्या आकृतीने विचारले, माझ्या भुकेचे काय? स्वतःलाच खा, असे उत्तर आले. तिने पायांपासून खावयास आरंभ केला, आणि केवळ मुख उरले तेव्हा शिवाने प्रसन्न होऊन त्याला कीर्तिमुख हे नाव आणि आपल्या द्वारावर कायमची जागा दिली. महाराष्ट्रातील शिवालयांच्या उंबरठ्यांवर डोळे वटारलेली, खालचा जबडा नसलेली ही मुखे आपण पाहतो, आणि पाय न लागावा म्हणून उंबरठा ओलांडून आत जातो. अपलालाला बारा वर्षांनी एक पीक मिळाले. कीर्तिमुखाला स्वतःचे शरीर, आणि वर देवदर्शनाआधी घडणारे दर्शन. वाटा लहानमोठा असेल, पण वाटा दिल्यावाचून कोणालाही वाटेला लावलेले नाही.

चंदीगडचे नाव ज्या चंडीच्या मंदिरावरून पडले, तिचे प्रमुख कर्म महिषासुराचा वध हे होय. तेथे तरी तडजोड नाही, असे कोणी म्हणेल. महाराष्ट्रापुरते पाहिले तर तेही तितकेसे खरे नाही. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ‘मिथ अँड रिॲलिटी’ या ग्रंथात दाखवून दिले की, गावाच्या शिवेवर शेंदूर माखून बसलेला म्हसोबा हा महिषासुरच आहे. ज्याला देवीने मारले त्यालाच शेतकरी दरसाल नारळ देतो आणि कित्येक ठिकाणी बळीही देतो. कोसंबी यांनी यातून पशुपालक आणि अन्नसंकलक समूहांच्या संघर्षाचा आणि नंतरच्या सलोख्याचा इतिहास वाचला. त्यांच्या निष्कर्षांतील प्रत्येक पायरी मान्य होईलच असे नाही; पण रेड्याचे मस्तक असलेला दैत्य हा अलंकारही नाही आणि अमूर्त तत्त्वही नाही, त्याच्या मागे माणसे उभी आहेत, हे त्यांनी ज्या ठामपणे सांगितले त्याला मराठी समीक्षेने पुरेसा प्रतिसाद दिला नाही, असे मला वाटते.

चंदीगडच्या संग्रहालयाचा दुसरा मोठा ठेवा पहाडी चित्रांचा. महिंदरसिंग रंधावा यांनी कांगडा परिसरातील जुन्या राजघराण्यांकडून तो परिश्रमाने जमविला. मानकू या चित्रकाराने १७३० मध्ये पूर्ण केलेल्या गीतगोविंदाच्या चित्रमालिकेचा मोठा भाग तेथे आहे. उरलेली पाने ठिकठिकाणी पांगली आहेत. पंडित सेऊ आणि त्याचे पुत्र मानकू व नैनसुख या घराण्याचा माग पंजाब विद्यापीठातील कलेतिहासकार बी. एन. गोस्वामी यांनी हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांतून काढला आणि १९६८ मध्ये तो प्रसिद्ध केला. गोस्वामी २०२३ मध्ये निवर्तले. राजांच्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या शैली वस्तुतः कुटुंबांच्या होत्या, हे त्यांचे प्रतिपादन आता सर्वमान्य झाले आहे. आपल्या विषयापुरते म्हणावयाचे तर, मानकूच्या वराहाला किंवा शिंगे फुटलेल्या त्याच्या दैत्यांना पाहताना भय वाटत नाही. अंगांगांची जुळणी इतकी निःशंक आहे की डुकराचे मस्तक माणसाच्या खांद्यांवर नेहमीच असते असे वाटावे. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांमध्ये मत्स्य, कूर्म, वराह आणि नरसिंह यांना प्रत्येकी बारा पाने मिळतात, रामाला आणि कृष्णालाही तेवढीच. एकशेवीस पानांच्या त्या जोडात अर्धा पशू आणि पूर्ण मनुष्य यांची पत एकच.

आता ज्या प्राण्यामुळे ही सारी मांडणी अडचणीत येते त्याच्याकडे वळले पाहिजे. दख्खनच्या आणि कोकणच्या किल्ल्यांच्या दरवाजांवर सिंहासारखा एक प्राणी कोरलेला असतो. त्याच्या पंजांत, जबड्यात, कधी शेपटीच्या वेटोळ्यातही हत्ती असतात. मांजराने उंदीर धरावेत एवढे लहान. जंजिऱ्याच्या दरवाजावरचे शिल्प प्रसिद्धच आहे. यालाच आपण शरभ म्हणतो. येथे करार नाही, वाटा नाही. येथे केवळ चिरडणे आहे.

शरभ हे नाव जुने आहे. महाभारताच्या शांतिपर्वात भीष्म युधिष्ठिराला एका ऋषीच्या कुत्र्याची गोष्ट सांगतो. ऋषी त्याला भीतीपोटी क्रमाक्रमाने बिबळ्या, वाघ, हत्ती, सिंह आणि शेवटी शरभ बनवितो. आठ पायांचा, वर डोळे असलेला, सिंहालाही भारी असा हा शरभ अखेर ऋषीलाच खावयास निघतो आणि पुन्हा कुत्रा होतो. पुढे शैव पुराणांनी नरसिंहाचा क्रोध शमविण्यासाठी शिवाला शरभरूप घ्यावयास लावले. त्यावर वैष्णवांनी नरसिंहाला गंडभेरुंड करून शरभावर मात करविली. दारासुरमच्या बाराव्या शतकातील ऐरावतेश्वर मंदिरात शरभरूप शिवाची मूर्ती आहे. पण ही पांथिक चढाओढ किल्ल्यावरच्या प्राण्याला लावणे मला अप्रस्तुत वाटते. त्याच्याजवळ नरसिंह नाही, बहुधा त्याला पंख नाहीत आणि पाय चारच आहेत. शिवाय तो सिद्द्यांच्या जंजिऱ्यावर आहे, सुलतानांच्या कोटांवर आहे आणि पुढे मराठ्यांच्या ताब्यात आलेल्या गडांवरही आहे. ज्याने जिंकले त्याने तो खरवडून काढला नाही. हत्ती म्हणजे अमुक राजवट आणि शरभ म्हणजे तमुक धर्म, अशी जी सोपी कोष्टके अलीकडे हौशी पुस्तिकांतून मांडली जातात, ती या एका वस्तुस्थितीपुढे टिकत नाहीत. हे प्राणी धर्माचे नव्हेत, दरवाजाचे आहेत.

दख्खनच्या सुलतानी राज्यांत त्याला शर्ज़ा म्हणत. फारसीत हा शब्द खवळलेल्या सिंहासाठी येतो. बीदरच्या किल्ल्याचा एक दरवाजा शर्ज़ा दरवाजा, विजापूरचा एक बुरूज शर्ज़ा बुरूज. भूषण कवीने शिवाजी महाराजांसाठी योजलेले सरजा हे बिरुद याच शब्दापासून आले असे मानले जाते, आणि आपल्या बैलजोडीतला सर्जाही त्याच घरातला असावा. एकाच शब्दाने सुलतानांच्या दरवाजावर, छत्रपतींच्या बिरुदात आणि शेतकऱ्याच्या गोठ्यात वस्ती करावी, ही गोष्ट शरभाच्या कुळाविषयी पुराणांपेक्षा अधिक सांगून जाते.

त्या शर्ज़ा बुरुजावर मुलूख-मैदान तोफ आहे. ती १५४९ मध्ये अहमदनगरला मुहम्मद बिन हुसेन रूमी या तुर्की ओतकाराने निजामशहासाठी ओतली. परांड्याहून १६३२ मध्ये ती विजापूरकरांनी नेली. तिचे तोंड म्हणजे एका अक्राळविक्राळ प्राण्याचा उघडा जबडा, आणि दातांत सापडलेले हत्ती. कोणी त्याला सिंह म्हणतो, कोणी ड्रॅगन, कोणी मकर. आणि खरे पाहता तिन्ही नावे थोडीथोडी लागू पडतात. ओतणारा पश्चिमेकडून आलेला, धातू आणि भट्टी दख्खनची, हत्ती येथल्या दरवाजांवरून उचललेले. केटॉसविषयी जो वाद विद्वानांनी शतकभर घातला तो येथे एका माणसाच्या कामात मिटलेला दिसतो. गंडभेरुंडाविषयीही तेच. तक्षशिलेच्या सिरकपमध्ये इसवी सनाच्या पहिल्या शतकातील स्तूपावर दोन डोक्यांचा गरुड आहे, बळ्ळिगावे येथे १०४७ च्या स्तंभावर गंडभेरुंड आहे. या दोहोंमध्ये हजार वर्षांची पोकळी आहे, आणि ती प्रभाव या एका शब्दाने बुजवू नये.

एम. ए. ढाकी यांनी १९६५ मध्ये मध्ययुगीन मंदिरांवरील व्यालांवर जो ग्रंथ लिहिला, त्यामुळे शिल्पशास्त्रांनी केलेले व्यालांचे सोळा प्रकार अभ्यासकांना उपलब्ध झाले: सिंहव्याल, गजव्याल, अश्वव्याल, नरव्याल, शुकव्याल इत्यादी. नावे होती म्हणून कारागिराला फरक करता येत होता. आज मार्कंड्याच्या मंदिरसमूहाच्या भिंतींवर व्याल पाहणाऱ्याला मार्गदर्शक सांगतो तो सिंह, आणि संग्रहालयाच्या पाटीवर असते तो ‘काल्पनिक पशू’. शब्द गेला की प्राणी दिसेनासा होतो. मराठी विश्वकोशाने आणि भारतीय संस्कृतिकोशाने या बाबतीत पुष्कळ राखले आहे. ते विद्यापीठांच्या वर्गांपर्यंत अद्याप पोचलेले नाही, आणि साहित्याच्या विद्यार्थ्याला व्याल हा शब्द भेटतो तो केवळ सापाचा पर्याय म्हणून.

मुलूख-मैदान तोफेचे पुढे काय झाले तेही येथे नोंदविले पाहिजे. आदिलशाही १६८६ मध्ये बुडाली तेव्हा औरंगजेबाने आपल्या विजयाचा लेख तिच्यावर कोरविला. जबड्याला हात लावला नाही. १८५४ मध्ये, विजापूर सातारा प्रांताच्या कारभारात असताना, जुन्या तोफा मोडीत काढण्याचा हुकूम निघाला आणि मुलूख-मैदानही लिलावात आली. सुमारे पंचावन्न टन वजनाच्या त्या प्राण्याला सर्वांत मोठी बोली आली ती दीडशे रुपयांची. इतक्या कमी किमतीला ती द्यावयास अधिकाऱ्यांचे मन झाले नाही, विक्री रद्द झाली, आणि तोफ बुरुजावरच राहिली.